मूल लहान आहे आणि घरात कुत्रं आणायचंय: बेळगाव भागातल्या कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

परीक्षा संपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सगळ्या पट्ट्यात कुत्र्याच्या पिल्लांची चौकशी एकदम वाढते. पोरं दिवसभर घरी असतात, हट्ट धरून बसतात. कुणाच्या तरी ओळखीत कुत्री व्यालेली असते आणि आठवड्याभरात पिल्लू घरात येतं. जूनमध्ये शाळा उघडतात, पाऊस कोसळायला लागतो, मोठी माणसं कामाला जातात, आणि दात शिवशिवणारं ते पिल्लू मागच्या दारी साखळीला अडकतं. त्यातली कितीतरी कुत्री पुढे शेतावर नेऊन सोडली जातात. दोष ना त्या पिल्लाचा, ना मुलाचा. आधी पिल्लू आवडलं, मग जात विचारली आणि घराचा विचार सगळ्यात शेवटी झाला, तिथेच सगळं बिनसलं.

म्हणून क्रम बदला. आधी मूल बघा, मग घर, मग घरातली माणसं, आणि त्यानंतरच कुत्रं. माझं पहिलं आणि ठाम सांगणं असं की मुलाला खेळायला म्हणून कुत्रं आणू नका. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला ते मनापासून हवं असेल तरच आणा. ते माणूस असेल तर मुलाला कुत्र्याचा लळा आपोआप मिळतो. ते नसेल तर कितीही गुणी कुत्रं आणलंत तरी हाल ठरलेले.

मूल किती वर्षांचं आहे?

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर थांबा. रांगणाऱ्या पोराचं तोंड आणि कुत्र्याचं तोंड एकाच उंचीवर असतं. धरायचं म्हटलं की मूठ घट्ट आवळायची एवढंच त्याला कळतं, मग हातात कान येवो की डोळ्याजवळचे केस. शिवाय याच वयात आईची झोप पुरी होत नाही, आणि आठ आठवड्यांचं पिल्लूही रात्रीतून दोनदा-तीनदा उठवतंच. दोन बाळं एकदम सांभाळायची हौस कुणी करू नये. कुत्रं आधीपासून घरात असेल आणि बाळ नंतर आलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हा लेख पुढच्या भागापासून उपयोगी पडेल.

तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी, माझ्या मते, पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचं शांत, मोठं कुत्रं कितीतरी बरं. पिल्लू गोंडस दिसतं म्हणून लोक तिकडे ओढले जातात, पण साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात. त्या काळात ते दिसेल ते चावतं: चप्पल, खुर्चीचा पाय, पोराची पोटरी. दात सुईसारखे असतात. मूल ओरडत पळतं, पिल्लाला तो खेळ वाटतो, ते आणखी मागे लागतं, आणि पंधरा दिवसांत मुलाच्या मनात भीती बसते. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र तयार झालेला असतो. आज ते मुलांशी जसं वागतं तसंच साधारण उद्याही वागणार.

मूल सहा-सात वर्षांचं झालं, सांगितलेलं ऐकून लक्षात ठेवायला लागलं, की पिल्लू आणायला हरकत नाही. तरीही मुलाच्या वयात बारा वर्षं मिळवून बघा. लॅब्राडॉर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो, आपली गावठी कुत्री नीट सांभाळली तर बारा-पंधरा वर्षंही. आज पहिलीत असलेलं पोर कॉलेजसाठी पुण्याला किंवा बेंगळूरला जाईल तेव्हा म्हातारं कुत्रं तुमच्याकडेच असणार आहे.

आणखी एक. मुलाला दमा असेल, अंगावर पुरळ उठत असेल, तर आधी कुत्रं असलेल्या नातेवाइकांकडे तीन-चार वेळा दोन-दोन तास बसून या. रात्री खोकला वाढतो का, डोळे चुरचुरतात का, बघा. कुत्रं आणल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं, सगळ्यांनाच.

कामाची वाटणी आधी करा

"मी सगळं करीन, तुम्हाला काही बघायला लावणार नाही" असं मूल म्हणतं तेव्हा ते खरंच बोलत असतं, पण दहा दिवसांपुरतं. शेवटी कुत्रं आईच्या गळ्यात पडतं, नाहीतर आजीच्या. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून बोलावं: पहाटे कोण बाहेर नेणार, दुपारी घरी कोण असतं, गावाला लग्नाला गेलो तर कुणाकडे ठेवणार, दवाखान्याचा खर्च कोण करणार. लॅब्राडॉरएवढं मोठं कुत्रं कोरडा आहारच रोज तीनशे-चारशे ग्रॅम खातं. त्यात लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध मिळवलं की महिन्याचा हिशोब लगेच डोळ्यांपुढे येतो.

आजी-आजोबांचं मत या बैठकीत सगळ्यात महत्त्वाचं. दिवसभर कुत्र्याजवळ तेच असतात. देवघर, स्वयंपाकघर, सोवळं-ओवळं याबद्दल त्यांची काही अट असेल तर ती मोकळेपणाने मान्य करून दाराला जाळीचं छोटं फाटक लावून टाका. ते फाटक पुढे मुलाच्या जेवणाच्या वेळीही कामाला येतं. घर शाकाहारी असेल तर तेही आधी बोलून घ्या. नुसत्या दूध-भातावर किंवा ताक-भाकरीवर कुत्र्याचं पोषण होत नाही. अंडं किंवा तयार खाद्य तरी चालणार का, हे आधीच ठरलेलं बरं.

घर आणि हवामान

आपला भाग छोटा दिसतो, पण कुत्र्याच्या दृष्टीने सारखा नाही. शहापूर, वडगावकडची एकमेकांना लागून असलेली घरं, पुढे सोपा, मागे लांबट परस आणि शेजारी मागाचा खडखडाट: इथे सतत भुंकणारं किंवा आवाजाला दचकणारं कुत्रं टिकत नाही. टिळकवाडीच्या बंगल्यात अंगण मिळतं, पण फाटक सारखं उघडं राहतं. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून तीनदा खाली उतरायची तयारी हवी. चिकोडी-निपाणीकडे शेतातल्या वस्तीवर जागा भरपूर, पण उंदरांचं औषध आणि पिकाची कीटकनाशकंही तिथेच पडलेली असतात. मूल असलेल्या घरात ती कुलपातच हवीत. कुत्रं येणार असेल तर ते कुलूप आजच आणा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर कुत्रं रात्री बाहेर बांधायचंच नाही. बिबट्या माणसाच्या वस्तीजवळ येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठी. अंगणात बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, आणि बिबट्या एकदा अंगणापर्यंत आला की धोका मुलालाही आहे. शहरातल्यांनीही हे ऐकून सोडू नये. 2022 च्या ऑगस्टमध्ये खुद्द बेळगावात बिबट्या शिरला होता आणि गोल्फ मैदानाच्या आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

पावसाचं काय? घाटाकडे चार महिने चिखल आणि ओल, अथणीकडे कडक ऊन. दाट केसांची कुत्री पहिल्या ठिकाणी त्वचेच्या रोगाने बेजार होतात, दुसऱ्या ठिकाणी उन्हाने. सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड ही बर्फातली कुत्री आहेत. व्हिडिओत कितीही छान दिसोत, आपल्या मे महिन्यात त्यांना ठेवणं म्हणजे त्यांचा छळ आहे.

कोणतं कुत्रं?

जातीवरून अंदाज येतो, खात्री नाही. एकाच वेतातली दोन भावंडं दोन स्वभावांची निघतात. पण अंदाज तरी असावा.

लॅब्राडॉर मुलांच्या घरात चालतो ही प्रसिद्धी बऱ्याच अंशी खरी आहे. माणसांचा लोभी, खाण्याचा लोभी, त्यामुळे शिकवायला सोपा. पण आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तो पंचवीस-तीस किलोचा दांडगोबा असतो आणि नुसत्या आनंदाने तीन वर्षांच्या मुलाला आडवं पाडतो. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास चालवणारं कुणी नसेल तर आणू नका. खुब्याच्या सांध्याचा त्रास या जातीत येतो, म्हणून आई-बाप लंगडत नाहीत ना हे स्वतः बघा. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने तसाच, केस विंचरायचं काम मात्र रोजचं.

आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. लहान, हुशार, आपल्या हवेला सरावलेला. मात्र भुंकणं भरपूर, आणि लहान पोरांची ओढाताण त्याला सहन होत नाही. तो चटकन दात लावतो. मूल सात-आठ वर्षांचं, समजूतदार असेल तर उत्तम. पग गरीब स्वभावाचा, पण चपट्या नाकामुळे उन्हात त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि ते बाहेर आलेले डोळे लहान मुलाच्या बोटापुढे सुरक्षित नाहीत. बीगल आनंदी, मुलांत रमणारा. नाकाच्या मागे लागून पळतो आणि एकटा ठेवला तर गल्ली डोक्यावर घेतो. जर्मन शेफर्ड घरच्या मुलावर जीव टाकतो, पण अडचण पाहुण्यांच्या मुलांची असते. सुट्टीत मामाची, आत्याची चार पोरं घरात दंगा घालतात तेव्हा राखणीचं कुत्रं गोंधळून जातं. अनुभव नसेल तर पहिलं कुत्रं म्हणून तो नको.

पिटबुल, रॉटवायलर यांबद्दल मी वाद घालत नाही. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने अशा 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कायद्याचं काहीही होवो, या कुत्र्यांच्या जबड्यात एवढी ताकद आहे की एकदा चूक झाली तर ती भरून येत नाही. लहान मूल असलेल्या घरात त्यांचं काम नाही.

मुधोळ हाउंडबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे प्रत्येकाच्या मनात ते असतंच. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या घोरपडे राजघराण्याने, विशेषतः मालोजीराव घोरपडे यांनी, ही जात जोपासली. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं आणि पुढे लष्करानेही तिची चाचणी घेतली. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. अभिमान वाटावा अशीच ही जात आहे. पण हे नजरेने शिकार करणारं, वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं आहे. पळणारी मांजर, कोंबडी, शेजारच्यांचं छोटं पिल्लू दिसलं की ते हाकेला ऐकत नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि घरच्यांनाही ते मापातच जवळ येऊ देतं. मिठ्या मारणाऱ्या चार वर्षांच्या मुलासाठी हा स्वभाव नव्हे. मोकळं शेत, कुंपण, मूल दहाच्या पुढचं आणि घरात कुणीतरी रोज त्याला पळवणारं, एवढं जुळत असेल तर घ्या. फ्लॅटमध्ये मात्र मुळीच नको.

आणि गावठी कुत्रं. लोक नाक मुरडतात, पण या भागातल्या बहुतेक घरांना मी हेच सुचवतो. पंधरा-वीस किलोचा आटोपशीर बांधा, आखूड केस, आपल्या उन्हापावसात पिढ्यानपिढ्या तग धरलेलं अंग. गल्लीत वाढलेल्या दीड-दोन वर्षांच्या कुत्रीचा स्वभाव सगळ्या गल्लीला ठाऊक असतो: शाळेतून येणाऱ्या पोरांमागे शेपूट हलवत जाते, की त्यांना बघून गाडीखाली शिरते? एवढी माहिती कुठलाही विक्रेता देऊ शकत नाही. अशी माणसाळलेली, मुलांत रमणारी कुत्री मिळाली तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन आणि लसीकरण करून घरात घ्या. थोडी सावध असते, घर आपलं मानायला महिना-दोन महिने घेते, ते द्यावेत. भित्र्या किंवा दबा धरून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मात्र दयेपोटी लहान मुलाच्या घरात आणू नका. त्याच्यावर दया करायच्या दुसऱ्या वाटा आहेत.

कुठून आणायचं आणि काय बघायचं

2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी. आपल्याकडे सर्रास महिन्याचं पिल्लू "दूध सुटलंय" म्हणून हातात देतात. घेऊ नका. आई आणि भावंडांबरोबरच्या त्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिल्लू फार मोठा धडा शिकतं: जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. हा धडा न शिकलेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातावर शिकणार.

आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. "आई गावाकडे आहे", "बसने मागवलंय, उद्या येईल" असं कुणी म्हणालं की नमस्कार करून निघा. आई समोर आली की तिच्याकडे दहा मिनिटं बघा. पिल्लांमुळे थोडी सावध असणं समजण्यासारखं आहे, पण मालकाने हाक मारली की ती सैल होते का? मालकाच्याच हाताला घाबरते का? ती दिसली की पिल्लांचं अर्धं भविष्य दिसलं.

आता पिल्लं. जमिनीवर बसा, काही बोलू नका. सगळ्यात आधी अंगावर येऊन बुटाची नाडी ओढणारं आणि कोपऱ्यात पाठ लावून बसलेलं, दोन्ही बाजूला ठेवा. मधली बघा. एकाला उचलून मांडीवर घ्या, पंजा बोटांत धरा, कान उघडून बघा, ओठ वर करून हिरड्या बघा. लहान मूल हे सगळं करणारच आहे. थोडी चुळबूळ करून शांत होणारं पिल्लू चांगलं. मग एखादं स्टीलचं ताट चार-पाच हात लांब जमिनीवर पाडा. दचकणं ठीकच आहे. नंतर काय होतं ते महत्त्वाचं. अर्ध्या मिनिटात कान टवकारून ताटाजवळ वास घ्यायला गेलं तर मनाने धड आहे. पाच मिनिटांनंतरही थरथरत असेल तर मागांच्या, फटाक्यांच्या, ढोल-ताशांच्या आपल्या भागात त्याचे हाल होतील. या परीक्षेने सगळं कळतं असं नाही, पिल्लू मोठेपणी बदलतं. तरी डोळे झाकून घेण्यापेक्षा कितीतरी बरं.

मोठं कुत्रं घेत असाल तर पहिल्या दोन भेटींना मुलाला नेऊच नका. तुम्ही खाण्याच्या भांड्याजवळून गेल्यावर ते काय करतं, झोपेतून हाक मारली तर कसं उठतं, रस्त्यातली सायकल आणि मांजर बघून काय करतं, हे आधी बघा. तिसऱ्या भेटीला मूल. कुत्रं आपणहून मुलाकडे येऊन सैल अंगाने वास घेत असेल तर पुढे जा. मुलाला नुसतं सहन करणारं कुत्रं पुरेसं नाही; त्याला मूल आवडायला हवं.

लसीचं कार्ड मागा. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का हवा. पेनने नुसतं "इंजेक्शन दिलं" लिहिलेलं कार्ड कामाचं नाही.

आणण्याची वेळ विचाराल तर दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत. फटाके होऊन गेलेले असतात, चिखल नसतो, ऊन कोवळं असतं, आणि मुलाला शाळेची घडी बसलेली असते.

घरी येण्याआधी आणि पहिला महिना

आधी जनावरांचे डॉक्टर ठरवा, मग कुत्रं आणा. साधारण सहा ते आठ आठवड्यांना पार्वो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत पुढचे डोस, तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पावसाळी भागात लेप्टोची लस चुकवू नका. उंदराच्या मुतातून तो रोग कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. जंताचं औषध लहानपणी दर पंधरवड्याला, नंतर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. हे मुलासाठीही तेवढंच गरजेचं आहे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतली जंताची अंडी मातीतून पोराच्या तोंडात जातात. अंगणातली घाण रोज उचला आणि खेळून आल्यावर मुलाचे हात साबणाने धुवा. रेबीजची लस अनेक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, मोफत मिळते. चौकशी करून ठेवा. आणि बालरोगतज्ज्ञांना मुलाला रेबीजची आगाऊ लस देण्याबद्दल विचारा. कुत्रं पाळणाऱ्या घरातल्या मुलांना ती देतात.

कुत्र्यासाठी एक कोपरा ठरवा, जिथे मूल कधीच जाणार नाही. जिन्याखाली, सोप्याच्या टोकाला, कुठेही. गोधडी तिथे, पाणी तिथे. कुत्र्याचं नाव बाळू धरू. "बाळू तिथे गेला की त्याला हात लावायचा नाही" हा घरातला पहिला नियम, पाहुण्यांच्या मुलांनाही.

पहिल्या दिवशी शेजारपाजार गोळा करू नका. मुलाला चटईवर बसवा, हात मांडीवर. कुत्रं आपणहून येईल, वास घेईल. मग मुलाने छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवायचा, डोक्यावरून नाही. "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि हात काढायचा. कुत्रं आणखी जवळ सरकलं तर पुन्हा तीन. तोंड फिरवलं किंवा उठून गेलं तर आज पुरे. तीन वर्षांचं मूलही हा खेळ शिकतं आणि त्याला तो आवडतो.

आज्ञेचे शब्दही पहिल्याच दिवशी ठरवा. आपल्या घरांत आई मराठीत "बस" म्हणते, बाबा इंग्रजीत "सिट", कामवाल्या मावशी कन्नडमध्ये "कूत्को", आणि कुत्रं तिघांच्या तोंडाकडे बघत राहतं. एक शब्द, सगळ्यांनी तोच, आणि फ्रिजवर लिहून लावा.

खाण्यापिण्यात मुलाच्या हातून काय जाईल ते बघा: चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा-लसूण, शिजवलेली हाडं हे कुत्र्याला घातक. अथणीकडच्या घरांत बेदाण्याचे डबे हाताशीच असतात, तिथे जास्त जपा.

कुत्रं आधी सांगतं

शहापुरातल्या एका घरात बसलो होतो. सोप्यात लॅब्राडॉर पसरलेला, साडेतीन वर्षांचा मुलगा त्याच्या गळ्यात हात टाकून, गालाला गाल लावून. आई फोनवर फोटो काढत होती. कुत्र्याने आधी तोंड दुसरीकडे फिरवलं. मुलगा आणखी चिकटला. मग कुत्र्याने आपलेच ओठ चाटले, समोर खायला काही नसताना. मग जांभई. "झोप आली बघ त्याला," आजी कौतुकाने म्हणाल्या. तेवढ्यात कुत्र्याचं अंग ताठ झालं, डोळा कडेला फिरून पांढरा दिसायला लागला आणि हलणारी शेपूट थांबली. मी मुलाला "इकडे ये, हे बघ" म्हणून हाक मारली. तो उठला, तसा कुत्र्याने सगळं अंग झटकलं आणि परसात निघून गेला.

तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग, ताठ होणं. साधारण अशा पायऱ्यांनी कुत्रं "नको" म्हणतं. पुढची पायरी गुरगुरणं, त्यापुढची दात. "अचानक चावलं" असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा आधीच्या या पायऱ्या कुणी पाहिलेल्या नसतात. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि थेट चावायला शिकतं. गुरगुरलं तर मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि कशामुळे झालं ते शोधा. कान दुखत असेल, पाय दुखत असेल, डॉक्टरांना दाखवा.

मुलाला शिकवायचं ते एवढंच: जेवताना, झोपेत आणि पिल्लांजवळ कुत्र्याला हात नाही, मिठी नाही, पाठीवर बसणं नाही, कुत्रं अंगावर उड्या मारायला लागलं की झाड व्हायचं, हात गुंडाळून, पायांकडे बघत, न ओरडता. पण खरी जबाबदारी तुमची. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत ते आणि कुत्रं एका खोलीत असताना तुम्ही हाताच्या अंतरावर. स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. उठायचं असेल तर दोघांतल्या एकाला सोबत न्या किंवा मधलं फाटक लावा.

गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत वेगळी काळजी लागते. 1905 पासून सार्वजनिक गणपती बसणाऱ्या या गावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. कुत्र्याला आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा लावून ठेवा आणि मुलाला त्या खोलीत पाठवू नका. घाबरलेलं कुत्रं ओळखीच्या हातालाही चावतं.

दात लागलाच तर

घरचं कुत्रं असो, लस दिलेलं असो, ओरखडा असो, क्रम एकच. जखम लगेच वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, कॉफी काही लावू नका, पट्टी बांधू नका. लगेच जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं सरकारी आरोग्य केंद्र गाठा. दंडाच्या स्नायूत दिली तर लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते. त्वचेत दिली तर 0, 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते सगळीकडे ठेवलेलं नसतं, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. मुलाची आगाऊ लस झालेली असेल तर दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. ते कार्ड सोबत न्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्याच्यासाठी लस थांबवायची नाही. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल तर पुढचे डोस द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

मुलाने "मला चावलं" असं घाबरून लपवू नये म्हणून आधीच सांगून ठेवा: दात लागला, ओरखडा आला, जखमेवर लाळ लागली तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही, बाळूला कुणी मारणार नाही. आणि तसं झालंच तर खरोखर रागावू नका.